‘कहाँ से?’ : हानलेतलं लक्ष्मीपूजन

२०२४च्या दिवाळीतली अमावास्या १ नोव्हेंबरला होती. त्या वर्षीची दिनदर्शिका भिंतीवर लावली तेव्हाच आम्ही ती रात्र हानलेसाठी राखून ठेवली होती. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दोन वर्षांपूर्वी वर्गात वैश्विक किरणांचा विषय ओझरता निघाला आणि एका मुलीने विचारलं, “मॅडम, पण ते येतात कुठून?” मी म्हटलं, “अवकाशातून.” ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले. वाचताना लडाखमधल्या हानले गावाचं नाव सारखं समोर येत राहिलं. शेवटी नवरा, नववीतली लेक आणि मी असे तिघं निघालो. बॅगेत गरम कपड्यांच्या खालोखाल जागा घेतली होती ती फराळाच्या डब्यांनी.

वसुबारस, २८ ऑक्टोबर : लेह

मुंबई-दिल्ली-लेह. विमानात उजवीकडची खिडकी मिळाली, हिमालय पोटभर पाहिला. लेह ३,५०० मीटरवर आहे, त्यामुळे पहिला दिवस झोपून काढायचा हे ठरलेलंच होतं. तरी लेकीचं डोकं संध्याकाळी चांगलंच ठणकायला लागलं. गेस्टहाउसच्या आजींनी तिला लसणाचं गरम सूप पाजलं आणि खोलीतला दिवा मालवून टाकला. सकाळी ती ठीक होती.

रात्री जेवायला स्क्यू होतं. कणकेचे अंगठ्याने दाबलेले छोटे तुकडे, बटाटा, गाजर, शलगम, सगळं एकत्र शिजवलेलं. आपल्या वरणफळांचीच आठवण येते, फक्त मसाला जवळपास नाही.

जाणाऱ्यांसाठी: लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस काढल्याशिवाय हानलेकडे वळू नका. उंचीवरच्या त्रासाची गोळी घ्यायची की नाही हे घरून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, इथे येऊन नको. परवान्याचे नियम बदलत असतात, ते लेह प्रशासनाच्या पोर्टलवर ताजे पाहून घ्या. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम इथे चालत नव्हतं, पोस्टपेड लागायचं.

धनत्रयोदशीचा दिवस बाजारात आणि गच्चीवरच्या उन्हात गेला. सीझन संपलेला होता. अर्धी दुकानं बंद, पॉप्लरची पानं पिवळीधमक. जर्दाळू घेतले ते इतके चांगले निघाले, की साताऱ्यात पोचेपर्यंत उरले नाहीत.

३० ऑक्टोबर : खारदुंग ला

लेहजवळच्या खारदुंग ला या घाटावर सगळेच जातात, फोटो काढतात, चहा पिऊन उतरतात. मला तिथे जायचं होतं ते व्हिक्टर हेससाठी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक कोडं होतं. विद्युतभार दिलेलं इलेक्ट्रोस्कोप (भार दाखवणारं उपकरण) कितीही बंदोबस्तात ठेवलं तरी त्याचा भार हळूहळू निघून जायचा. काहीतरी हवेचं आयनीकरण करत होतं, म्हणजे हवेतल्या अणूंना विद्युतभारित करत होतं. खडकातल्या किरणोत्सारामुळे असेल, असं बहुतेकांचं मत होतं. तसं असेल तर जमिनीपासून वर जावं तसा परिणाम कमी व्हायला हवा. ऑस्ट्रियाचा तरुण संशोधक हेस ते पाहायला स्वतः बलूनमधून वर गेला, एकदा नाही, अनेकदा. ७ ऑगस्ट १९१२च्या सकाळी बोहेमियातल्या आउसिग गावाहून हायड्रोजन भरलेल्या बलूनने तो आणि त्याचे दोन साथीदार निघाले आणि सुमारे ५,३०० मीटरपर्यंत पोचले. परिणाम कमी झाला नाही, जमिनीवरच्यापेक्षा काही पट वाढला. म्हणजे जे काही येत होतं ते वरून येत होतं. तेच हे वैश्विक किरण.

खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. हेसची उंची म्हणजे जवळजवळ हीच. गाडीतून उतरून वीस पावलं चालले आणि छाती धपापायला लागली. बोटं बधिर, फोनचं बटण दाबता येईना. या हवेत, उघड्या टोपलीत उभं राहून तो माणूस तीन-तीन उपकरणांची मापं नोंदवत होता! पुस्तकात ही ओळ कितीदा वाचली असेल, पण तिचं वजन तिथे कळलं.

त्याची अजून एक गोष्ट मला फार आवडते. त्याच वर्षी १७ एप्रिलला खंडग्रास सूर्यग्रहण असताना तो वर गेला होता. ग्रहणात सूर्य झाकला गेला, पण मापात घट झाली नाही. म्हणजे हे किरण मुख्यतः सूर्याकडून येत नव्हते. ‘कुठून?’ या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर, आणि ते ‘इथून नाही’ अशा स्वरूपाचं होतं. १९३६मध्ये त्याला नोबेल मिळालं.

लेकीने विचारलं, “मग आत्ता इथे आपल्याला ते जास्त लागतायत?” हो, लागत होते. समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. म्यूऑन म्हणजे वैश्विक किरण वातावरणावर आदळल्यावर जे कण तयार होतात त्यांतला एक. वर जावं तशी ही संख्या वाढते. पंधरा-वीस मिनिटांत खाली उतरलो. तिथे जास्त वेळ थांबू नयेच.

नरक चतुर्दशी, ३१ ऑक्टोबर : लेह ते हानले

साधारण २६० किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो. कारू, उपशी, आणि मग सिंधूचा हात धरून वर. नदी हिरवी, कडेने बर्फाची पातळ साय. डोंगर जांभळे, तांबडे, मध्येच राखाडी.

चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत, अगदी नदीकाठी, वाफा निघत असतात. गाडी थांबली तसं मी पिशवीतून उटण्याची पुडी काढली. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान चुकवायचं नव्हतं. पूर्ण आंघोळ त्या वाऱ्यात शक्यच नव्हती, पण तिघांनी हातापायांना आणि तोंडाला उटणं लावून वाफाळत्या पाण्याने धुतलं. आमचे लडाखी चालक लांबून बघत होते, जवळ येऊन त्यांनीही हात पुढे केला. त्यांच्या तळहातावर थोडं उटणं दिलं. त्यांनी वास घेतला आणि “अच्छा है, चंदन है ना?” म्हणाले. पुढे दिवसभर गाडीत तो वास होता.

माहे, न्योमा, मग लोमाचा पूल. प्रत्येक चौकीवर उतरायचं, कागद दाखवायचे, रजिस्टर भरायचं. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, “कहाँ से?”

लोमाला नवऱ्याने “सातारा, महाराष्ट्र” सांगितलं, तसं रजिस्टरवरचं डोकं वर झालं.

“साताऱ्यात कुठं?”

जवान कराडचा निघाला. तीन वर्षं घरची दिवाळी पाहिलेली नाही. चकलीचा डबा उघडून समोर धरला तर आधी साथीदारांना बोलावलं, मग स्वतः एक घेतली. “घरची हाय,” एवढंच म्हणाला. हानलेला काय बघायला चाललाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आकाशातून कसले किरण येतात आणि ते कुठून येतात, ते शोधणारी दुर्बीण बघायला. त्याने मान डोलावली. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, बोलणं तिथेच राहिलं.

पुढचा रस्ता सपाट, रुंद खोऱ्यातून जातो. क्यांग म्हणजे रानगाढवांचा कळप दिसला, पिवळसर तपकिरी पाठी आणि पांढरी पोटं. त्या रजिस्टरांचा विचार डोक्यात घोळत होता. वैश्विक किरणांना असा प्रश्न विचारता येत नाही, हीच तर सगळी अडचण आहे.

‘किरण’ हे नाव फसवं आहे. ते प्रकाश नाहीत, कण आहेत. दहातले नऊ प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतेक हेलियमची अणुकेंद्रकं आणि थोडे जड अणू. सगळे विद्युतभारित. आणि आपल्या आकाशगंगेत सगळीकडे चुंबकीय क्षेत्र आहे, अतिशय क्षीण, पण पसरलेलं. भारित कण त्यात वळतो. हजार लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) इतक्या प्रचंड ऊर्जेचा प्रोटॉन घेतला, तरी तो साधारण एका प्रकाशवर्षाच्या त्रिज्येत गिरक्या घेतो, आणि आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे. असे वळत, भरकटत हे कण सरासरी कोटभर वर्षं आकाशगंगेत फिरतात आणि मग कधीतरी आपल्यापर्यंत येतात. ज्या दिशेने आत शिरले त्या दिशेचा त्यांच्या जन्मगावाशी काही संबंध उरलेला नसतो. रजिस्टरमध्ये ‘कहाँ से’चा रकाना कोरा.

दुपारी तीनला हानले. टेकडीवर गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, खाली पसरलेली विरळ घरं, मधून संथ वाहणारा ओढा, आणि वारा. होमस्टेच्या आमा-लेंनी “जुले, जुले” करत थेट स्वयंपाकघरात नेलं. बुखारीत शेणी आणि झुडपं जळत होती. मीठ-लोण्याचा गुरगुर चहा मला आवडला, लेकीला नाही. आम्ही करंज्या काढल्या. आमा-लेंनी एक मोडून आत काय आहे ते नीट पाहिलं, ओळखीचं खोबरं दिसल्यावर हसल्या आणि खाल्ली.

त्या रात्री आकाश पूर्ण झाकलेलं होतं. रात्री एकला उठून दार उघडलं तेव्हाही काही नाही. इतक्या लांब येऊन तीच एक अमावास्या हातात होती, मला झोप लागली नाही.

लक्ष्मीपूजन, १ नोव्हेंबर : हानले

सकाळी निळंभोर आकाश. आमा-लेंनी खिडकीतून बोट दाखवून “आज साफ” म्हटलं.

आधी सरस्वती पर्वतावर गेलो. दिग्पा-रात्सा री असं या डोंगराचं मूळ नाव. वर ४,५०० मीटरवर हिमालयन चंद्र टेलिस्कोपचा पांढरा घुमट आहे, आरसा २ मीटरचा. २०००च्या सप्टेंबरमध्ये तिने पहिला प्रकाश टिपला. बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून उपग्रहामार्फत ती चालवली जाते. शेजारच्या घुमटात ‘ग्रोथ-इंडिया’ नावाची ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, तिच्यात आयआयटी मुंबईचा वाटा आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सरस्वती पर्वतावर, हा योग नवऱ्याने घरच्या गटावर ताबडतोब कळवायचा प्रयत्न केला, पण रेंज नव्हती.

उतरताना पायथ्याशी ती दिसली, जिच्यासाठी आलो होतो ती ‘मेस’ (MACE) नावाची दुर्बीण.

मी फोटो पाहिले होते, आकडे पाठ होते, तरी पाय थबकले. २१ मीटर व्यासाची आरशांची वाटी, १८० टन वजनाची, वर्तुळाकार रुळांवर फिरणारी. ३५६ तुकड्यांचा आरसा आहे. एका तुकड्यात शेजारचा डोंगर उलटा, दुसऱ्यात आकाश, तिसऱ्यात ऊन. वाटीसमोर उंच धरलेला कॅमेरा, त्यात १,०८८ प्रकाशसंवेदी नळ्या. घुमट नाही, छप्पर नाही, सगळं उघड्या माळावर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर. या जातीची इतकी मोठी दुर्बीण इतक्या उंचीवर जगात दुसरी नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आणि इतर भारतीय संस्थांच्या मदतीने बांधली. ४ ऑक्टोबरला तिचं औपचारिक उद्घाटन झालं होतं, म्हणजे आम्ही बरोबर चार आठवड्यांनी तिथे होतो. आत जायचा परवाना नव्हता. कुंपणाबाहेर उभं राहून तासभर पाहिलं, आणि तेवढं मला पुरलं.

ही दुर्बीण वैश्विक किरण पकडत नाही. ती शोधते गॅमा किरण, आणि त्यामागची युक्ती मला फार देखणी वाटते. ज्या ठिकाणी प्रोटॉन वेगवान होतात तिथेच त्यांतले काही आजूबाजूच्या वायूवर आदळतात. त्या टकरीत पायॉन नावाचे कण तयार होतात. त्यांतला उदासीन पायॉन क्षणार्धात मोडतो आणि दोन गॅमा किरण निघतात. गॅमा म्हणजे प्रकाशच, त्याला विद्युतभार नाही, चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही. तो जिथून निघाला तिथून सरळ येतो. प्रोटॉनला आपलं गाव सांगता येत नाही, पण त्याच गावाहून निघालेला गॅमा ते सांगू शकतो.

पण गॅमा जमिनीपर्यंत पोचतच नाही. वातावरणात कित्येक किलोमीटर वर तो हवेतल्या अणूवर आदळतो, त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार) यांची जोडी, त्यातून पुन्हा गॅमा, पुन्हा जोड्या, असा कणांचा पाऊस होतो. हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जातात आणि त्यामुळे निळसर प्रकाशाची एक झुळूक उमटते, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती. तो चेरेंकोव्ह प्रकाश. १९५२मध्ये इंग्लंडमध्ये गॅलब्रेथ आणि जेली यांनी कचऱ्याच्या डब्यात आरसा बसवून तो आकाशात पहिल्यांदा टिपला होता. मेस म्हणजे त्याच डब्याची पुढची पिढी.

आणि कणांच्या या पावसाचं गणित १९३७मध्ये ज्या दोघांनी मांडलं, त्यांतला एक होमी भाभा आणि दुसरा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर. वैश्विक किरण हा भाभांचा स्वतःचा विषय होता. आज त्यांच्या नावाच्या संस्थेने बांधलेला आरसा इथे रात्रभर तोच पाऊस वाचत बसतो. कुंपणाशी उभी राहून हे मी लेकीला सांगत होते आणि माझा आवाज भरून आला.

अडचण एकच, पण मोठी. प्रोटॉनही वातावरणात आदळून तसाच पाऊस पाडतात, तशीच निळी झुळूक उठवतात, आणि एका गॅमामागे ते हजारोंनी असतात. ज्यांचं घर शोधायचं तेच दारात गर्दी करून उभे! गॅमाचा ठसा कॅमेऱ्यात रेखीव लंबगोल उमटतो, प्रोटॉनचा फाटका, विस्कटलेला. त्या फरकावर निवड करायची. लेक म्हणाली, “तांदूळ निवडल्यासारखं.” मी याहून बरं सांगू शकले नसते.

हानलेच का, तर उंचीमुळे कणांचा पाऊस जवळून दिसतो, हवा कोरडी आहे, आणि अंधार शाबूत आहे. शिवाय अशा मोठ्या दुर्बिणी आहेत त्या नामिबियात, कॅनरी बेटांवर आणि ॲरिझोनात. पृथ्वी फिरताना या बाजूला पहाऱ्यावर कोणी नव्हतं. नामिबियातल्या प्रकल्पाचं नाव, सांगायला आनंद होतो, हेस आहे.

तीच रात्र

हानलेच्या आसपासचा १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू २०२२ पासून अंधाराचं राखीव क्षेत्र आहे. रात्री गाडीचे प्रखर दिवे लावायचे नाहीत, खिडक्यांना जाड पडदे, बाहेर फक्त मंद लाल उजेड. दिवाळीच्या दिवशी! लेकीने घरून दोन आकाशकंदील बनवून आणायचा हट्ट धरला होता, तो निघण्यापूर्वीच मोडावा लागला होता.

स्वयंपाकघरात, पडदे घट्ट ओढून, पाटाऐवजी चोक्त्से या बुटक्या कोरीव मेजावर आम्ही लक्ष्मीपूजन केलं. लाह्या-बत्तासे होते, घरची चांदीची छोटी लक्ष्मी होती, झेंडू नव्हते. आमा-लेंनी आपल्या देवघरातला लोण्याचा दिवा आणून आमच्या पणतीशेजारी ठेवला. आरती हळू आवाजात म्हटली, त्यांच्या घरातलं बाळ झोपलं होतं. मग बुखारीशेजारी गरम थुक्पा, आणि आठ वाजता बाहेर.

बाहेर आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नीट दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि तारे इतके होतात, की ओळखीचे समूह हरवतात. मला हंस सापडेना! आकाशगंगा डोक्यावरून नैऋत्येला उतरत होती, मधल्या काळ्या रेघांसकट. आमा-लेंच्या पाठोपाठ आली ती गावातली खगोलदूत मुलगी. राखीव क्षेत्रासाठी आसपासच्या गावांतल्या तरुणांना प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिल्या आहेत, त्यांतली ती एक. पाठीवर शाल, तोंडातून वाफ, आणि विषयावर पकड.

तिने हंस दाखवला. तिथेच, हंसाच्या दिशेला, प्रचंड ताऱ्यांचा एक जमाव आहे. चीनमधल्या सिचुआनच्या पठारावरच्या लासो या वेधशाळेने २०२१मध्ये या भागातून आलेला १.४ पेटा इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा जाहीर केला (पेटा म्हणजे हजार लाख कोटी). पुढे २०२४मध्ये तिथे अशा गॅमा किरणांचा एक भला मोठा फुगा असल्याचं सांगितलं. म्हणजे तिथे कुठेतरी प्रोटॉनना त्याहून दसपट ऊर्जा मिळत असली पाहिजे.

ही बातमी का महत्त्वाची ते शर्मिष्ठेकडे बघून कळतं. इंग्रजी डब्ल्यूसारखी शर्मिष्ठा तेव्हा उंच चढलेली होती. तिच्यात साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत, कॅसिओपिया ए. १९३४पासून, म्हणजे बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवल्यापासून, वैश्विक किरणांचं घर म्हणून बोट दाखवलं जातं ते अशा सुपरनोव्हांकडे. हिशेब बसतो. आकाशगंगेत शतकात दोन-तीन तारे असे फुटतात आणि स्फोटाच्या ऊर्जेचा दहावा हिस्सा जरी किरणांना गेला तरी पुरतं. स्फोटाची लाट वायूतून धावते, कण तिच्या अलीकडे-पलीकडे टोलवले जातात आणि प्रत्येक फेरीत थोडा वेग कमावतात. २०१३मध्ये फर्मी उपग्रहाने अशा दोन अवशेषांमध्ये पायॉनच्या गॅमाची खूण पाहिली, म्हणजे तिथे प्रोटॉन खरोखरच वेगवान होतात. पण कॅसिओपिया एचा गॅमा-प्रकाश वरच्या ऊर्जेला लवकर आटतो. इतक्या तरुण, जोमदार अवशेषालाही सर्वांत वरची पायरी गाठता येत नाही. तेव्हा मरणाऱ्या ताऱ्यांबरोबरच, जिवंत महाकाय ताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळतात तिथेही शोधायला हवं, आणि हंसातला तो फुगा नेमका तेच सुचवतो. मला हे उत्तर जास्त पटतं. पण सिद्ध झालं आहे असं मी वर्गात सांगणार नाही.

दहाच्या सुमाराला पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या. खगोलदूत मुलगी म्हणाली, तिबेटी भाषेत त्यांना मिनड्रुक म्हणतात, ड्रुक म्हणजे सहा. आपल्याकडेही कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहाच. दुसऱ्या दिवशी कार्तिक लागणार होता.

त्यांच्या खाली गुरू झळकत होता. त्या वर्षी तो वृषभ राशीत, बैलाच्या शिंगांमध्येच होता, त्यामुळे मला हवं होतं ते शोधणं सोपं झालं. गुरूपासून खालच्या शिंगाच्या टोकाकडे चार-पाच अंश सरकायचं, की क्रॅब तेजोमेघ. दुर्बिणीतून दिसला तो एक धूसर, लंबगोल डाग, काचेवर फुंकर मारल्यावर उमटतो तसा. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी जिथे दिवसाउजेडी दिसणारा तारा नोंदवला, तिथे आता हा डाग आहे, साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर. मधोमध सेकंदाला तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा. मेसने २०२१च्या एप्रिलमध्ये पहिला कौल घेतला तो याचाच. अशा सगळ्याच दुर्बिणी क्रॅबवर हात बसवतात, कारण त्याचा गॅमा-प्रकाश खात्रीचा आहे. तो प्रामुख्याने वेगवान इलेक्ट्रॉनांचा आहे, त्यामुळे प्रोटॉनचा प्रश्न त्याने सुटत नाही. तरी त्या डागावरून मला डोळा हलवावासा वाटेना.

देवयानी डोक्यावर होती, तिच्यातली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट. ईशान्येला ययाती. मेसने २०२२च्या डिसेंबरमध्ये ययातीतल्या एनजीसी १२७५ या दीर्घिकेतून उसळलेले गॅमा टिपले, वीस कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवरून आलेले. तिच्या पोटात महाकाय कृष्णविवर आहे. सर्वांत जोरकस वैश्विक किरण अशा परक्या दीर्घिकांतूनच येत असावेत. अर्जेंटिनाच्या मालार्गेजवळ ३,००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या टाक्या मांडून पाहणाऱ्या ऑजे वेधशाळेने २०१७मध्ये दाखवलं, की हे कण आकाशाच्या एका बाजूने जरा जास्त येतात, आणि ती बाजू आपल्या आकाशगंगेच्या केंद्राची नाही. १५ ऑक्टोबर १९९१ला अमेरिकेत युटावर आलेल्या एका कणात साधारण ५० जूल ऊर्जा होती, ताशी ९० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी. एका कणात! तो कुठून निघाला हे आजही कोणाला माहीत नाही.

लेक माझ्या शालीत शिरून उभी होती. आमा-लेंच्या दारावरच्या तापमापकात उणे बारा. पावणेदोनपर्यंत थांबलो.

जाणाऱ्यांसाठी: अमावास्येच्या मागचे-पुढचे चार दिवसच निवडा आणि हानलेत किमान दोन रात्री ठेवा, एक ढगांना द्यावी लागते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या बघता बघता मरतात. आमची एक गेलीच. टॉर्चवर लाल कागद लावून न्या. गाडीची टाकी लेह-कारूकडेच भरून घ्या. नोव्हेंबरात बहुतेक होमस्टे बंद असतात, आधी बोलून ठेवा. आणि खगोलदूतांचं मानधन घासाघीस न करता द्या.

पाडवा, २ नोव्हेंबर : परतीची वाट

सकाळी गोम्पाच्या पायऱ्या चढलो, सतराव्या शतकातला मठ. वरून खोरं दिसतं आणि त्यात मेसची वाटी, ऊन पडलं की चमकणारी. आमा-लेंनी निघताना वाळवलेलं छुरपे बांधून दिलं. आम्ही उरलेल्या करंज्यांचा डबा तिथेच ठेवला.

लोमाला तोच कराडचा जवान ड्यूटीवर होता. या वेळी मागे गाडी नव्हती.

“दिसलं का काय?”

मी सांगितलं दिसलं ते. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “रात्रीच्या पहाऱ्याला मला लई दिसत्यात. एकदम रेघ उमटती आन् विझती. तेच का हे किरण?”

म्हटलं, नाही, त्या उल्का, धुळीचे खडे, जळताना दिसतात. हे दिसत नाहीत. पण सेकंदाला एक तरी तळहातातून आरपार जातो, इथे तर त्याहून जास्त.

“आत्ता?”

“आत्ता पण.”

त्याने उजव्या हाताचा मोजा काढला, तळवा वर करून उन्हात धरला, आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला.